बर्फाच्या भरवशावरची पेढी

फेब्रुवारीत मागणी नोंदवायची, ऑगस्ट-सप्टेंबरात माल उतरवून घ्यायचा, डिसेंबर-जानेवारीत उत्पादकाचे देणे चुकते करायचे, आणि त्या मालाला गिऱ्हाईक मिळेल की नाही हे मात्र आकाशाने ठरवायचे, असा एक धंदा अमेरिकेच्या व्हर्माँट, कोलोरॅडो, युटा अशा डोंगराळ राज्यांत गेली सुमारे चाळीस वर्षे चालत आला आहे. हा धंदा स्नोबोर्डच्या दुकानाचा. पावसाळ्यापूर्वी छत्र्या आणि रेनकोट भरून ठेवणाऱ्या आपल्याकडील व्यापाऱ्याला त्याची रीत चटकन समजेल. फरक इतकाच की छत्री पुढल्या वर्षीही छत्रीच राहते. स्नोबोर्ड मात्र मार्च उलटला की ‘गेल्या वर्षीचा’ होतो.

स्नोबोर्ड म्हणजे साधारण दीड मीटर लांबीची, दोन्ही टोकांना किंचित वर वळलेली फळी. आत पॉपलर, अ‍ॅस्पेन किंवा बांबू यांचा हलका गाभा, त्यावर काचतंतूंचे थर, खाली पॉलिएथिलीनचा गुळगुळीत तळ आणि कडेने पोलादी धार. तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधून उभे राहायचे आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचे. पाय बांधणाऱ्या जोडणीला बाइंडिंग म्हणतात आणि तिच्यात बसणारे बूट खास असतात. फळी, बाइंडिंग आणि बूट हा संच मध्यम प्रतीचा घेतला तरी हजार डॉलरांच्या आसपास जातो. म्हणजे लहानशा दुकानातही मालात गुंतलेली रक्कम लहान नसते.

या दुकानांचा जन्म एका बहिष्कारातून झाला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. १९६५ सालच्या नाताळात मिशिगन राज्यातील मस्केगन येथे शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणे केले. ‘स्नर्फर’ या नावाने ते पुढे बाजारात आले. लहानपणी त्याचा नाद लागलेला जेक बर्टन कारपेंटर हा तरुण न्यूयॉर्कमधील वित्तक्षेत्रातील नोकरी सोडून १९७७ साली व्हर्माँटमधील लंडनडेरी या गावी आला आणि फळ्या बनवू लागला. डोंगरावरील बहुतेक स्की-केंद्रे तेव्हा या फळीला उतारावर येऊच देत नसत. १९८३ साली व्हर्माँटच्या स्ट्रॅटन केंद्राने दार उघडले, मग हळूहळू इतरांनी उघडले, आणि १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. युटातील आल्टा व डिअर व्हॅली आणि व्हर्माँटमधील मॅड रिव्हर ग्लेन ही तीन केंद्रे आजही स्नोबोर्डला प्रवेश देत नाहीत. जी वस्तू डोंगरावर चालत नाही ती जुन्या स्की-दुकानदारांना आपल्या मांडणीवर नको होती. तेव्हा खेळणाऱ्या पोरांनीच डोंगराच्या पायथ्याशी गाळे घेतले आणि दुकाने थाटली. हिशेबाचे शिक्षण बहुतेकांना नव्हते. ते त्यांना हिवाळ्यांनी दिले.

या धंद्याचा कणा म्हणजे आगाऊ मागणी. हिवाळा अर्धाच सरलेला असताना उत्पादकांचे प्रतिनिधी पुढील वर्षाचे नमुने घेऊन फिरू लागतात. जो दुकानदार लवकर आणि मोठी मागणी नोंदवतो त्याला सूट अधिक आणि देणे फेडायला मुदतही अधिक. मुदतीआधी पैसे दिले तर त्यावर आणखी थोडी रोख सूट. जो उशिरा येतो त्याला हवी ती लांबी मिळत नाही, कारण कारखाना बहुतांशी नोंदलेल्या मागणीइतकेच उत्पादन करतो. म्हणजे ज्या हंगामाचा गल्ला अजून मोजून झालेला नाही त्याच्या मनःस्थितीत पुढच्या हंगामाचा निर्णय घ्यावा लागतो. बर्फ चांगला पडला असेल तर हात सैल सुटतो. हिवाळा कोरडा गेला असेल तर हात आखडतो. आणि दोन्ही वेळा पुढच्या वर्षीच्या हवामानाशी त्या उत्साहाचा अथवा भीतीचा काडीचाही संबंध नसतो. या धंद्यात जे टिकले त्यांनी प्रायः एकच शिस्त पाळलेली दिसते. ते मागील एका हंगामाकडे न पाहता पाच-सात हंगामांची सरासरी पाहतात, आणि त्या सरासरीपेक्षाही थोडे कमीच मागवतात.

हे आकड्यांत पाहिले तर अधिक उमगेल. उदाहरणादाखल समजा, दुकानदाराने शंभर फळ्या प्रत्येकी ३०० डॉलर ठोक भावाने घेतल्या आणि किरकोळ भाव ५०० डॉलर ठेवला. मालाची किंमत झाली ३०,००० डॉलर. हिवाळा बरा गेला, सत्तर फळ्या पूर्ण भावाने गेल्या आणि तीस हंगामाअखेर ४० टक्के सवलतीत, म्हणजे खरेदीच्याच भावात, काढाव्या लागल्या, तर एकूण वसुली ४४,००० आणि ढोबळ नफा १४,००० डॉलर. आता हिवाळा रुसला असे धरू. चाळीस फळ्या पूर्ण भावाने, चाळीस ३०० डॉलरला आणि उरलेल्या वीस २०० डॉलरला गेल्या. एकही फळी पडून राहिली नाही, सगळा माल विकला गेला, तरी वसुली ३६,००० आणि ढोबळ नफा अवघा ६,००० डॉलर. त्यातून भाडे, पगार, विमा आणि व्याज द्यायचे. दुकान मात्र दोन्ही हिवाळ्यांत सारखेच गजबजलेले दिसते. रस्त्यावरून जाणाऱ्याला फरक कळत नाही. तो कळतो एप्रिलमध्ये, बँकेच्या खात्यात.

सवलत द्यावीच लागते, त्याचे कारण मालाच्या दोषात नसते. बहुतेक उत्पादक दरवर्षी फळीवरील चित्र बदलतात. गाभा तोच, आकार तोच, धारही तीच. पण चित्र जुने म्हणून भाव उतरतो. साडीच्या व्यापाऱ्याला हे नवे नाही. परंतु साडीचा व्यापारी वर्षभर थोडी थोडी खरेदी करून चूक निस्तरू शकतो. येथे खरेदी वर्षातून एकदाच होते आणि चुकीचे प्रायश्चित्तही पूर्ण वर्षाचे असते.

बँकेच्या बाजूने पाहता हे हंगामी खेळत्या भांडवलाचे शुद्ध उदाहरण आहे. उन्हाळ्याअखेर उचल वाढत जाते, नाताळच्या आठवड्यापासून ती उतरू लागते आणि वसंतात खाते मोकळे व्हावे अशी अपेक्षा असते. अशा कर्जाला अमेरिकी बँका बहुधा एक जुनी अट घालतात. वर्षातून सुमारे ३० दिवस खात्यावरील बाकी शून्य राहिली पाहिजे. शून्य झाली तर ते कर्ज खरोखरच हंगामी होते; झाली नाही तर मागील वर्षाचा तोटा यंदाच्या मालाचे रूप घेऊन खात्यात मुक्कामाला आला आहे, असे समजावे. आपल्याकडील कॅश क्रेडिट खाती वर्षानुवर्षे मर्यादेला टेकलेली असतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. त्या तुलनेत ही अट जाचक भासेल, पण व्यापाऱ्याला आरसा दाखवण्याचे काम ती चोख करते. तेथील सरकारी लघुउद्योग प्रशासनाच्या हमीवर कर्ज घेतले तर धंद्यात २० टक्के वा अधिक हिस्सा असलेल्या प्रत्येकाला वैयक्तिक जामीन राहावे लागते. पुष्कळदा राहते घरही तारणात जाते. म्हणजे डिसेंबरात बर्फाऐवजी पाऊस पडला तर त्याचा ओलावा थेट घरात शिरतो.

आणि पाऊस पडतो. व्हर्माँटमध्ये नाताळचा आठवडा, जानेवारीतील मार्टिन ल्यूथर किंग दिनाची जोडसुटी आणि फेब्रुवारीतील प्रेसिडेंट्स डेची सुटी या तीन मुक्कामांवर हंगामाचा मोठा भाग तोललेला असतो. त्यांतील एक जरी ओला गेला तरी ती विक्री पुढे भरून येत नाही. डोंगरावरील केंद्रे थंड रात्री यंत्रांनी कृत्रिम बर्फ पाडून उतार चालू ठेवतात. परंतु बोस्टन किंवा न्यूयॉर्कमधील माणसाला स्वतःच्या अंगणात बर्फ दिसल्याशिवाय नवी फळी घेण्याची बुद्धी होत नाही, हा दुकानदारांचा जुना अनुभव आहे. २०११-१२ चा हिवाळा देशभर इतका कोरडा गेला की स्की-केंद्रांवरील भेटींची संख्या आदल्या हंगामातील सुमारे ६ कोटींवरून सुमारे ५ कोटी १० लाखांवर आली. २०२० साली तर बर्फ असूनही मार्चच्या मध्यावर महामारीमुळे केंद्रेच बंद झाली, आणि हंगामाअखेरचा माल काढण्याचे जे थोडे आठवडे असतात तेच नेमके हातचे गेले.

हवामानापुढे कोणाचे चालत नाही. पण दुकानदाराच्या अंगाला अधिक लागले आहे ते माणसांनी उभे केलेले संकट, आणि ते तीन बाजूंनी आले. पहिली बाजू संगणकावरच्या दुकानांची. गिऱ्हाईक गाळ्यात येते, अर्धा तास बूट घालून पाहते, मापाचा आकडा भ्रमणध्वनीत टिपते आणि घरी जाऊन दुसरीकडे मागवते. बरीच वर्षे यात करानेही भर घातली होती. ज्या विक्रेत्याचे त्या राज्यात दुकान वा वखार नाही त्याने तेथील विक्रीकर गोळा करणे बंधनकारक नव्हते. व्हर्माँटचा हा कर ६ टक्के, म्हणजे ५०० डॉलरच्या फळीवर गावातला दुकानदार आपोआप ३० डॉलरने महाग ठरे. २१ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर’ या खटल्यात जुना दंडक मोडला आणि दूरच्या विक्रेत्यांकडूनही कर वसूल करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. दुकानदारांना न्याय मिळाला, पण तोवर गिऱ्हाइकाची सवय लागून गेली होती. शिवाय कनेक्टिकट नदीपलीकडच्या न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीकरच नाही. ते दुखणे कोणत्याही न्यायालयाच्या हातचे नाही.

दुसरी बाजू खुद्द उत्पादकांची. ज्यांची फळी या दुकानांनी नावारूपाला आणली तेच आता आपल्या संकेतस्थळावरून थेट विकतात. जाहिरातीत किती खालचा भाव दाखवायचा याचे बंधन ते हंगामातील ठराविक तारखेपर्यंत सर्वांवर घालतात. ती तारीख उलटली की सवलतींचा पूर येतो, आणि लहान दुकानदाराने कालपर्यंत नियम पाळून सांभाळलेला माल एका रात्रीत महाग दिसू लागतो.

तिसरी बाजू डोंगराची. व्हेल रिसॉर्ट्‌स या कंपनीने २००८ साली ‘एपिक पास’ काढला आणि एका रकमेत हंगामभर अनेक केंद्रांवर प्रवेश देऊ केला. व्हर्माँटमधील स्टो, ओकेमो आणि माउंट स्नो ही केंद्रे पुढे तिच्याच मालकीची झाली. अशा केंद्रांच्या वाहनतळापासून उतारापर्यंतच्या वाटेवर कंपनीची स्वतःची विक्री आणि भाड्याची दुकाने असतात. पायथ्याच्या गावातील दुकान गिऱ्हाइकाला मुद्दाम थांबून शोधावे लागते. तेथे थांबायचे तर काही कारण हवे.

कारण देणारी वस्तू फळी नसून बूट आहे, हे जाणते दुकानदार लवकर ओळखतात. स्नोबोर्डचा बूट उभे असताना बोटांना पुढे किंचित टेकला पाहिजे, गुडघे वाकवताच बोटे मागे आली पाहिजेत आणि टाच जागची हलता कामा नये. हे कोणत्याही संगणकाला दिसत नाही. पाय मोजावा लागतो, तोही दोन्ही, कारण ते क्वचितच सारखे असतात. बुटाचे अस्तर उष्णतेने मऊ करून पायाच्या आकाराला बसवावे लागते. बूट नीट बसला तर ते गिऱ्हाईक दहा वर्षे येते. चुकला तर ते खेळच सोडते. फळीची लांबी पूर्वी हनुवटीपर्यंत मोजत असत. आता वजन पाहतात आणि रुंदी बुटाच्या मापावरून ठरवतात. पाय मोठा आणि फळी अरुंद असेल तर वळण घेताना बुटाचे टोक बर्फात अडकते आणि माणूस तोंडघशी पडतो.

येथेच खरी परीक्षा होते. फेब्रुवारी सरत आला आहे, बँकेचे खाते शून्यावर आणायचे आहे, मांडणीवर दोन-चार अरुंद फळ्या उरल्या आहेत आणि दारातून बारा नंबरच्या पायाचा नवशिका आत येतो. त्याला काहीच कळत नाही. जे सांगाल ते तो घेणार आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत मापातील लबाडी आणि बनावट मालाचा व्यवहार यांचा समावेश आहे. येथे वजनमाप खरे असते, माल अस्सल असतो, पावती चोख असते. तरीही ती फळी त्या माणसाच्या हाती देणे हे अतिचारांच्या पंगतीतच बसेल. व्हर्माँटच्या दुकानदाराने सूत्रांचे नावही ऐकलेले नसेल. पण अशा वेळी जो म्हणतो, “आज भाड्याने रुंद फळी घेऊन जा, पुढच्या वर्षी योग्य ती मागवू,” त्याला ३०० डॉलरची वसुली सोडून द्यावी लागते, आणि त्या आठवड्यात ती रक्कम मोठी असते.

सेवेचे उत्पन्न मालाइतके डोळ्यांत भरत नाही, पण घर तेच चालवते. मागच्या खोलीत एक बाक असतो. त्यावर फळी आडवी ठेवून गरम इस्त्रीने मेण चढवतात, पोलादी धार ठराविक कोनात घासतात, तळाला दगडाने पडलेली चीर प्लास्टिक वितळवून भरतात. या कामात माल थोडा, श्रम फार, म्हणून त्यातील नफ्याला सवलतीचा रोग लागत नाही. अंगणात बर्फ न पडलेल्या वर्षी लोक नवी फळी घेत नाहीत, मात्र जुनीच दुरुस्त करून आणखी एक हिवाळा काढतात. त्यामुळे विक्री बुडते तेव्हा बाक थोडेफार सावरून धरतो.

दुसरा आधार मुलांचा. वाढत्या वयाच्या मुलासाठी दरवर्षी नवा संच घेणे कोणत्याही शहाण्या बापाला परवडत नाही. म्हणून दुकाने शरद ऋतूत पूर्ण हंगामासाठी संच भाड्याने देतात आणि वसंतात परत घेतात. भाडे आधी मिळते. पैसे बर्फ पडण्यापूर्वी हातात येतात, हे या धंद्यातील एकमेव सुख म्हटले तरी चालेल. एकच संच तीन-चार मुलांच्या पायांखालून जातो आणि शेवटी जुन्या मालाच्या विक्रीत स्वस्तात निघतो. पुनर्वापराची ही रीत आपल्या घरांतील मोठ्या भावाचे पुस्तक धाकट्याने वापरण्याच्या रीतीहून वेगळी नाही. उन्हाळ्यात तोच गाळा स्केटबोर्ड आणि सायकलींवर तग धरतो. त्यातून भाडे सुटले तरी पुष्कळ.

जैन वाचकाच्या मनात एक शंका येईल आणि ती रास्त आहे. या दुकानांतील काही हातमोजे चामड्याचे असतात आणि बऱ्याच जाकिटांत बदकांची पिसे भरलेली असतात. कृत्रिम तंतू भरलेली जाकिटेही तितकीच सर्रास मिळतात, ओल्या हवेत ती अधिक उपयोगीही ठरतात; तेव्हा पिसे ही गरज नसून निवड आहे. मेणाची गोष्ट अधिक सूक्ष्म. फळी वेगाने घसरावी म्हणून वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त मेणे बर्फाबरोबर वितळून झऱ्यांत जातात आणि तेथे नष्ट होत नाहीत. आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून आपल्या स्पर्धांत त्यांवर बंदी घातली. काही दुकानदारांनी ती त्याआधीच बाकावरून हटवली होती.

आता या धंद्यापुढे वारसाचा प्रश्न आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत विशी-पंचविशीत ज्यांनी गाळे घेतले ते साठीला पोहोचले आहेत. खुद्द जेक बर्टन कारपेंटर यांचे नोव्हेंबर २०१९ मध्ये निधन झाले. त्यांची कंपनी कुटुंबाच्या हाती राहिली, कारण हाती ठेवण्याजोगे काही होते. लहान दुकानदाराची मुले बापाच्या फेब्रुवारीतल्या चिंता पाहतच वाढलेली असतात आणि शहरात पगाराची नोकरी पत्करतात. त्यात त्यांना दोष देता येणार नाही. मग दुकान विकायला काढले तर किंमत कशाची धरायची? माल खरेदी किमतीला किंवा बाजारभावाला, दोहोंत जो कमी असेल त्याने मोजला जातो, आणि एप्रिलमध्ये तो फारसा उरतच नाही. गाळा भाड्याचा. बाक, इस्त्र्या आणि घासण्या मोडीच्या भावाच्या. जी वही खरोखर मोलाची, जिच्यात तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची पायांची मापे, वजने, पाय पुढे कोणता ठेवतात आणि कोणाच्या धाकट्या मुलाला यंदा कोणता संच लागेल हे लिहिलेले आहे, तिला ताळेबंदात स्तंभ नाही.

म्हणून पुष्कळदा दुकान परक्याकडे न जाता मागच्या खोलीत पंधरा वर्षे धारा घासलेल्या माणसाकडे जाते. त्याच्याकडे रोख रक्कम नसते. बँक केवळ वहीवर कर्ज देत नाही. तेव्हा मालक स्वतःच सावकार होतो आणि किंमत आठ-दहा वर्षांच्या हप्त्यांत घेतो. पहिल्या वर्षाची मागणी दोघे मिळून नोंदवतात. वार्षिक हप्त्याची तारीख वसंतात ठेवलेली बरी, कारण त्याआधी दुकानात पैसा नसतो, माल असतो.